आधीचे दोन

कॉफीच्या दुकानात लेलंड नेहमी हॅरिस हे नाव सांगायचा. ते त्याच्या बायकोचं, डीनाचं, माहेरचं नाव. ती गेल्यावरही त्यानं ते चालू ठेवलं होतं. टायरच्या दुकानात, केस कापायला, हॉटेलात टेबल राखून ठेवताना, जिथं जिथं कुणीतरी नाव मोठ्यानं पुकारण्याची शक्यता असे तिथं तिथं हॅरिस. त्या शनिवारी मात्र तो दुकानाचं दार ढकलत असतानाच कोरीनचा, त्याच्या मुलीचा, फोन आला. ती घाईत होती. “बाबा, पूर्वेच्या गेटनं या. तिकीटबिकीट काही नको. नाव सांगा फक्त, क्रूग. लगेच सोडतील.” तो हो हो म्हणत काउंटरपाशी पोचला, पोरानं कागदी पेल्यावर पेन टेकवत न बघताच “नाव?” विचारलं, आणि तोंडाशी जे होतं तेच बाहेर पडलं. पोरानं लिहिलं. लेलंडला आपण काय केलं ते कळलं तेव्हा मागच्या बाईनं पुढं होऊन स्वतःचं सांगायला सुरुवातही केली होती. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. दुकान पिवळ्या रेनकोटांनी भरलेलं होतं. बाहेर फेब्रुवारीचं कोरडं ऊन, रस्त्याच्या कडेला काळवंडलेल्या बर्फाचे ढीग, पावसाचं नाव नाही. पण बास्केटबॉलच्या सामन्याच्या दिवशी टॅलमन कॉलेजची पोरं रेनकोट घालतात ते पावसासाठी नव्हेच, संघाचं नाव नावाडी म्हणून. त्याला वाटलं, निघून जावं. कॉफी गेली तर गेली. आणि तेवढ्यात पोरानं पेला वर धरून हाक मारली, “क्रूग!”

सगळं दुकान ओरडलं. एकदोघं नव्हेत, सगळं दुकान. कुणी कुणाकडं पाहिलं नाही, कुणी ठरवलं नाही. शिंक आल्यासारखं ते त्यांच्यातून बाहेर आलं. “क्रूऽऽऽग!” उजवे हात वर गेले, बोटं क्षणभर ताठ राहिली आणि मग मनगटं मान मोडल्यासारखी खाली लोंबली. मग हशा. पोर पेला हातात धरून उभाच.

“अरे, हे नाव कुणी दिलं? भारी आहे हा!”

“घ्या की कुणीतरी. गार होतेय.”

“क्रूग म्हणजे नक्की काय रे पण?”

“जर्मन आहे. जर्मनमध्ये क्रूग म्हणजे हुकणे.”

“माझी आत्या म्हणते, कोणीतरी माणूस होता म्हणून.”

“चल! माणसाचं नाव असतं का असं?”

आत्यावाली मुलगी लेलंडच्या अगदी शेजारी होती. गालावर तिनं निळ्या रंगानं वल्हं काढून घेतलं होतं. तिनं त्याच्याकडं वळून अगदी अदबीनं विचारलं, “सर, तुमची तर नाही ना ही?”

“नाही,” लेलंड म्हणाला. “माझी यायचीय अजून.”

असं म्हटल्यावर थांबणं आलं. न येणाऱ्या कॉफीची वाट बघत तो बराच वेळ खिडकीशी उभा राहिला. पोरानं शेवटी तो पेला बाजूला, साखरेच्या पुड्यांपाशी ठेवून दिला. त्याच्यावर ते नाव होतं, काळ्या शाईत, शेवटच्या अक्षराची शेपटी ओघळलेली. लेलंडचे आजोबा सांगायचे, आपल्या मूळ जर्मन भाषेत क्रूग म्हणजे घडा. आपले पूर्वज मडकी करत असतील, किंवा दारू विकत असतील, आजोबा म्हणायचे, आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसायचे. ह्या घड्याची गोष्ट आता कुणाला सांगायची? त्या रेनकोटवाल्या पोरांना सांगून पाहिलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं, चांगल्या घरची पोरं होती. आणि मग कुणीतरी डोळे मोठे करून म्हणालं असतं, म्हणजे तुम्हीच? आणि फोन बाहेर निघाले असते. गर्दी दारापाशी थोडी पातळ झाल्यावर तो बाहेर पडला.

गाडीत बसूनही त्यानं ती लगेच सुरू केली नाही. त्याला त्या दोन फेकींची आठवण येत नव्हती. ती कधीच येत नसे, हे कुणाला सांगून पटलं नसतं. लोकांना वाटायचं तो रात्रंदिवस तेच बघत असेल: एका गुणानं मागे असलेली टॅलमन, संपलेलं घड्याळ, रेषेवर एकटा उभा असलेला वीस वर्षांचा पोर आणि त्याच्या हातात दोन फ्री थ्रो, कुणी न अडवता टाकायचे दोन चेंडू. एक गेला असता तर बरोबरी, दोन गेले असते तर टॅलमनचे नावाडी पहिल्यांदाच देशातल्या शेवटच्या चार संघांत. त्याला आठवायचं ते भलतंच. दुसरा चेंडू बास्केटच्या कड्यावरून बाहेर घरंगळला तेव्हा विरुद्ध संघातला एक दांडगा खेळाडू आनंदानं वेडा होऊन धावत आला आणि चुकून लेलंडलाच मिठी मारून गेला. त्या अंगाची ऊब, घामाचा वास, कानाशी “जिंकलो, जिंकलो” म्हणणारा आवाज. त्या सबंध दिवसात त्याला दुसऱ्या कुणी हात लावला नव्हता. बसमध्ये कोचनं डोक्यावर टोपी ओढून झोपेचं सोंग घेतलं, आणि शेजारची सीट रिकामी राहिली.

नंतर लोक चांगले वागले, हे खरं तर सगळ्यात वाईट होतं. त्याच्या आईच्या दारात बाया पर्सिमन फळाचं पुडिंग आणून ठेवत, कुणी मेल्यावर ठेवतात तसं. न्हाव्यानं पैसे घेतले नाहीत. पाद्री प्रवचनात क्षमेवर बोलला आणि बोलताना कटाक्षानं त्याच्याकडं न बघता बोलला. पुढच्या हिवाळ्यात तो शेवटच्या वर्षाला होता, गुडघा दुखावून बेंचवर बसला होता, तेव्हा पाहुण्या संघाचा एक पोर फ्री थ्रोला उभा राहिला आणि विद्यार्थ्यांच्या उभ्या गर्दीतून, ज्या बाजूला सगळे नावाड्यांचा धक्का म्हणतात तिथून, एकच आवाज आला, “क्रूऽऽऽग!” पोराचा नेम चुकला. हॉल हसला. लेलंडही हसला, बेंचवर सगळे त्याच्याकडं बघत होते, दुसरं काय करणार? दुसऱ्या वेळी पाचपन्नास जण ओरडले. आपण हसलो नसतो तर ते तिथंच थांबलं असतं का, हा प्रश्न त्यानं स्वतःला इतक्यांदा विचारला होता की आता त्याला काही धार उरली नव्हती. त्या वसंतापर्यंत अख्खा धक्का ओरडू लागला होता. मग मनगटाची ती लोंबती खूण आली. मग टी-शर्ट आले, छातीवर फक्त ते नाव. मग ती पोरं पास होऊन गेली, नवी आली, त्यांची पोरं आली, आणि शब्द माणसापासून सुटला. पोर्ट हॅनली गावात आता कुणाची गाडी पार्किंगच्या आखलेल्या जागेत नीट बसली नाही की क्रूग झालं म्हणतात. केकवरची अक्षरं वाकडी आली, क्रूग. डीनाच्या शेवटच्या आजारात नर्सला तिची शीर सापडत नव्हती. दोनदा सुई टोचून ती हसऱ्या चेहऱ्यानं म्हणाली, “थांबा हं, क्रूग झालं,” आणि मग तिची नजर डीनाच्या मनगटावरच्या पट्टीकडं गेली. नाव वाचून तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. डीनाच तिला समजावत बसली. “असू दे गं. नाव आमचं आहे, पण वापरतं सगळं गाव.”

गाव सोडून का नाही गेलास, असं त्याला बाहेरचे लोक विचारत. आधी आई आजारी होती. मग विमा कंपनीत नोकरी लागली, गारपिटीनंतर लोकांच्या छपरांवर चढून किती कौलं फुटली ते बघायची. छपरावर बरं वाटायचं, वर कुणी येत नसे. मग कोरीन झाली. ही सगळी कारणं खरी होती आणि एकही खरं नव्हतं. तो गेला असता तर लोक म्हणाले असते, गेला बघ. ते त्यांना म्हणू द्यायचं नाही एवढ्यासाठी त्यानं सगळं आयुष्य इथं काढलं, आणि आता लोकांना तो गेलाय की आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. गेली कित्येक वर्षं मंगळवारी सकाळी तो मेथडिस्ट चर्चच्या मागच्या व्यायामशाळेत जाई. किल्ली झाडलोट करणाऱ्या माणसाकडं असे. तो काही विचारत नसे. लेलंड रेषेवर उभा राही आणि फ्री थ्रो टाकी. बहुतेक जात. बसक्या, ओलसर हवेत चेंडू जाळीतून खाली पडल्याचा आवाज, मग तो आणायला स्वतःच चालत जाणं. कुणी बघत नसताना गेलेल्या चेंडूचं करायचं काय, हे त्याला कधी कळलं नाही. पण त्यानं जाणं सोडलं नाही.

कोरीनला त्यानं कधी ह्यातलं काही सांगितलं नाही, आणि तिला सांगण्याची गरजही पडली नाही. शाळेत पहिल्याच दिवशी तिला कळलं. तो घाबरला होता. पोर रडत येईल, नाव बदलून द्या म्हणेल. ती उड्या मारत आली. “बाबा, आपण फेमस आहोत?” त्या पोरीला लाज हा पदार्थच माहीत नव्हता, आईवर गेली होती. टॅलमनमध्ये शिकायला गेली तेव्हा धक्क्यातल्या पोरांनी तिला ओळखपत्रावरचं नाव बघून अक्षरशः खांद्यावर घेतलं. एका रविवारी लेलंड आणि डीना घरी जेवता जेवता सामना बघत होते. पाहुण्यांचा एक पोर रेषेवर गेला, कॅमेरा धक्क्याकडं वळला, आणि पहिल्या रांगेत पिवळ्या रेनकोटात, केस कपाळाला चिकटलेले, गळ्याच्या शिरा ताणलेल्या अशी त्याची मुलगी त्याचं नाव ओरडत होती. तिचा उजवा हात वर होता. मनगट लोंबलं. ती हसत होती, इतकी सुंदर ती त्याला कधी दिसली नव्हती. डीनानं टीव्ही बंद केला नाही, आवाजही कमी केला नाही. नुसता बटाट्याचा वाडगा त्याच्याकडं सरकवला. आता कोरीन त्याच कॉलेजच्या क्रीडा विभागात नोकरीला होती, प्रेक्षकांसाठी काय काय कार्यक्रम करायचे ते बघायची, आणि मागच्या आठवड्यात ती त्याच्या स्वयंपाकघरात कोट न काढताच बसली होती.

“मध्यंतरात फक्त, बाबा. तुम्ही यायचं, जुन्या नावेवरची घंटा वाजवायची, लोक टाळ्या वाजवणार. संपलं.”

“ओरडतील.”

“ओरडतील ना! पण तुमच्यासाठी. तुमच्यावर नव्हे. फरक आहे की नाही?”

“तुला कुणी सांगितलं हे करायला?”

“कुणी नाही. माझीच कल्पना.” ती बोटानं टेबलावरचा एक डाग घासत राहिली. “त्यांना वाटतं तुम्ही कुणी नाहीच आहात. मला ते आवडत नाही. माझे बाबा आहेत म्हणावं, इथंच राहतात, माणूस आहे.” आणि मग, जरा घाईनं, “माझ्या साहेबांना पण खूप आवडलं. उन्हाळ्यात बढत्या आहेत.”

हे शेवटचं वाक्य तिनं खाली बघून म्हटलं. तिला खोटं बोलता येत नसे, म्हणून तर त्यानं हो म्हटलं.

पूर्वेच्या गेटवर त्यानं नाव सांगितलं तेव्हा तिथली बाई हसली, यादी न बघताच तिनं त्याला आत सोडलं. आतली हवा त्याला अंगात घुसल्यासारखी ओळखीची वाटली: तळलेलं डुकराचं मांस, मका, लाकडी जमिनीचं पॉलिश, माणसांच्या ओल्या लोकरीचा वास. कोरीननं त्याला पहिल्या रांगेत बसवलं आणि कानात काहीतरी खोचलेल्या अवस्थेत पळाली. सगळं तसंच होतं. पाहुण्या खेळाडूंची नावं पुकारली तेव्हा धक्क्यानं एकदम पाठ फिरवली, दोन हजार पिवळ्या पाठी. आपली पहिली बास्केट पडेपर्यंत कुणी बसायचं नाही हा नियम, आणि त्या दिवशी ती पडता पडेना. म्हातारेकोतारे काठ्यांवर भार देऊन उभे, गरोदर बाया उभ्या, आणि लेलंडही उभा, गुडघा ठणकत असताना. शेजारी निळी टोपी घातलेला एक म्हातारा होता. तो म्हणाला, “एकदा नऊ मिनिटं उभे होतो. माझी बायको चक्कर येऊन पडली. तरी मी बसलो नाही!” त्याच्या आवाजात एवढा निखळ अभिमान होता की लेलंडला हेवा वाटला. आपल्याला कधी कुठल्या गोष्टीचं असं मिळालं? ह्या माणसानं आयुष्यात ह्या हॉलसाठी उभं राहण्यापलीकडं काही केलं नव्हतं, आणि हा हॉल त्याचा होता. लेलंडनं तर ह्याच्यासाठी गुडघा घालवला होता.

पहिल्या डावात पाहुणे पाच वेळा फ्री थ्रोला गेले. पाच वेळा ते नाव छपरापर्यंत गेलं. घरी टीव्हीवर ते लाटेसारखं ऐकू यायचं. इथं ते छातीच्या पिंजऱ्यात वाजत होतं. तो मान खाली घालून बुटांकडं बघत राहिला. गंमत अशी की त्यात राग नव्हता, तिरस्कार नव्हता. तिरस्कार असता तर त्याच्यापाशी काहीतरी उत्तर होतं.

मध्यंतराला कोरीननं त्याचा हात धरून त्याला मैदानाच्या मधोमध नेलं. तिचा हात घामानं ओला होता. लाकडी चौकटीत टांगलेली घंटा चाकांवरून ढकलत आणली होती. निवेदकानं त्याचं नाव पूर्ण उच्चारलं, लेलंड क्रूग, आणि क्षणभर खरोखरच शांत झालं. हजारो चेहऱ्यांवर एकच भाव उमटला: अरेच्चा, आहे की. मग आवाज फुटला. त्यानं दोरी ओढली. घंटा वाजली, टाळ्या झाल्या, आणि कोरीन म्हणाली होती ते खरं असेल का असं त्याला त्या एका क्षणी वाटलं. डोळे भरून आले त्याचे. तो वळून निघाला तेव्हा नावाड्याचं भलंमोठं कापडी डोकं घातलेला संघाचा शुभंकर त्याच्यापुढं गुडघ्यावर बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी चेंडू पुढं केला.

“काय म्हणता, मंडळी?” निवेदक ओरडला. “राहिलेलं काम पुरं करायचं का?”

त्यानं कोरीनकडं पाहिलं. ती हसत होती, पण डोळे मिचकावत होती, लहानपणी फुलदाणी फुटली की मिचकावायची तसे. “आधी सांगितलं असतं तर तुम्ही आला नसतात,” ती म्हणाली. “एकदाच, बाबा. एक गेला की संपलं सगळं. कायमचं.”

त्यानं कोट काढून तिच्या हातात दिला. रेषेवर उभा राहिला. धक्का त्याच्या समोरच होता, बास्केटच्या मागं, पिवळा, हलता, आणि तो ते नाव म्हणायला लागला, हळूहळू चढत. त्यानं चेंडू तीनदा जमिनीवर आपटला, गुडघे वाकवले आणि चर्चमध्ये टाकायचा तसा टाकला. चेंडू कड्याला न शिवता आत गेला. टाळ्या झाल्या. बऱ्यापैकी झाल्या, मुख्यतः म्हाताऱ्या बाजूनं. दुसरा टाकला. तोही गेला. जाळी सळसळली आणि त्याला ती ऐकू आली, म्हणजे किती शांत झालं होतं! त्यानं वर पाहिलं. धक्क्यातले हात अर्धे वर होते, बोटं ताठ, मनगटं खाली पडायची वाट बघत तशीच राहिलेली. तिथल्या चेहऱ्यांवर राग नव्हता. वाढदिवसाच्या दिवशी पाऊस आला की पोरांचे चेहरे होतात तसे ते झाले होते. कुणीतरी गंमतीनं ‘हूऽऽ’ केलं, थोडा हशा झाला. आणि लेलंडला उभ्या उभ्या कळून चुकलं की पस्तीसेक वर्षांपूर्वी ते दोन चेंडू आत गेले असते तर ह्या सगळ्या हॉलला आज म्हणायला काही नसतं.

त्यानं चेंडू जमिनीवर ठेवला. शुभंकरानं तो उचलून पुन्हा त्याच्या हातात दिला.

“आणखी एक! आणखी एक!” निवेदक म्हणाला, आणि धक्क्यानं ते उचललं. बाजूच्या रेषेवर करड्या सूटातला एक माणूस कोरीनच्या कानाशी वाकून काही बोलत होता. ती मान डोलवत होती. मग ती त्याच्याकडं आली, त्याचा कोट छातीशी धरून, चेहऱ्यावरचं हसू जराही न हलवता.

“बाबा, आणखी एक टाका.”

“दोन होते. दोन टाकले.”

“माहीताय. पण जरा... लोकांना मजा यायला पाहिजे ना. हुकला तरी चालेल.”

“हुकला तरी चालेल, की हुकायला पाहिजे?”

“बाबा, प्लीज. संघ बाहेर यायचेत. सगळे बघतायत.”

त्यानं तिच्याकडं पाहिलं. केसांत एकदोन पांढरे दिसत होते. हे त्याला माहीत नव्हतं. ती तीस वर्षांची बाई होती आणि ह्या क्षणी सगळ्या जगात तिला एकाच गोष्टीची भीती वाटत होती, ती गोष्ट त्याच्या हातात होती आणि ती अगदी सोपी होती. उलट ती करायला कसलंच कौशल्य लागत नव्हतं. त्यानं रेषेकडं परत पाऊल टाकलं. नाव चढू लागलं. त्याला वाटलं आपले हात ऐकणार नाहीत. इतक्या मंगळवारांनी शिकवलेले हात. म्हणून त्यानं मनगट सोडलंच नाही, खांद्यातूनच चेंडू ढकलला, आणि तो कड्याच्या वीतभर अलीकडंच खाली आला. कड्याला लागलासुद्धा नाही.

हॉल फुटला. त्यानं आयुष्यात असा आवाज ऐकला नव्हता, कुठल्या जिंकलेल्या सामन्यातसुद्धा नाही. पोरं एकमेकांच्या गळ्यात पडत होती, रेनकोट हवेत उडत होते, निळ्या टोपीचा म्हातारा डोळे पुसत होता. हजारो मनगटं लोंबली. शुभंकरानं त्याला उचलून गरागरा फिरवलं आणि ह्या सगळ्यातून कोरीन धावत येऊन त्याला बिलगली. “बाबा! बघितलंत? बघितलंत किती प्रेम करतात?” तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते खरं होतं, प्रेमच होतं ते. त्याबद्दल त्याला जराही शंका उरली नाही.

परत जागेवर बसल्यावर कोणी कोणी येऊन पाठीवर थापा मारून गेले. एका पोरानं पाठ वाकवून टी-शर्टवर सही मागितली, म्हणाला, “सर, आम्हाला वाटायचं तुम्ही मेलात.” दुसऱ्या डावाची शिटी व्हायच्या आधी कोरीन येऊन त्याच्यापुढं उकिडवी बसली आणि तिनं फोन त्याच्यासमोर धरला. कॉलेजनं मघाची फिल्म नेटवर लावलीसुद्धा होती. बघणाऱ्यांचा आकडा त्याच्या डोळ्यांदेखत वाढत होता. फिल्ममध्ये एक टक्कल पडू लागलेला माणूस रेषेवर उभा राहिला, त्यानं चेंडू ढकलला, चेंडू अलीकडंच पडला, हॉल फुटला. संपलं. मग आपोआप पुन्हा पहिल्यापासून.

“आधीचे दोन?” त्यानं विचारलं.

“ते कापले, बाबा. फार लांब झालं असतं.”

त्यानं पडद्याकडं पाहिलं. माणूस पुन्हा रेषेवर उभा राहिला होता. कोरीननं फोन खाली घेतला. तिच्या कानातल्या यंत्रातून कुणीतरी तिला बोलावत होतं. ती उठली नाही. त्याच्या मांडीवर आणून ठेवलेल्या कोटाच्या बाहीवरचा एक धागा ती ओढत राहिली, आणि मग एकदम, खाली बघत, हळू आवाजात म्हणाली, “तुम्ही मुद्दाम नाही ना हुकवलात?”

त्याला वाटलं, आता. एवढं एक तरी आपलं असू द्यावं. एका माणसाला तरी माहीत असावं. तिनं मान वर केली. गालांवरचं पाणी अजून पुरतं सुकलं नव्हतं, आणि त्या चेहऱ्यावर त्याला स्पष्ट दिसलं की ‘हो’ हे उत्तर तिला आयुष्यभर सलत राहील.

“नाही गं,” तो म्हणाला. “हात थरथरला.”

तिच्या खांद्यांतला ताण त्याच्या डोळ्यांपुढं सुटला. तिनं त्याच्या गुडघ्यावर, नेमक्या दुखऱ्या, हात टेकून स्वतःला वर उचललं, त्याच्या कपाळाचा मुका घेतला. “असू दे. तिसरा होता, दमला असाल,” ती म्हणाली आणि कानाशी बोट दाबत, कुणाला तरी आले आले म्हणत गेली.

खेळ सुरू झाला. शेजारचा म्हातारा त्याच्याकडं सरकून म्हणाला, “मी त्या दिवशी पण होतो बरं का. अगदी तस्सा! एवढाही बदलला नाहीस तू.” लेलंडनं मान हलवली. तो थोडा वेळ बसला, खेळ बघितला. टॅलमनचा एक उंच काळा पोर सुरेख खेळत होता, डाव्या हातानं. मग तो उठला. कुणीतरी “बसा हो पुढं!” म्हणून ओरडलं, ते त्याला ओळखून नव्हे, तो आड येत होता म्हणून. कोरीन दूर कोपऱ्यात करड्या सूटवाल्याशी बोलत होती, हात हलवून हलवून, हसत. त्यानं तिला हाक मारली नाही.

बाहेरच्या मार्गिकेत कुणी नव्हतं. सांडलेले मक्याचे दाणे, एक पायदळी गेलेला रेनकोट. काचेच्या दाराशी स्टुलावर एक जाडा पहारेकरी बसला होता, कानाला रेडिओ लावून.

“बाहेर गेलात तर परत आत सोडता येणार नाही हं, सर,” तो म्हणाला. “नियम आहे.”

“ठीक आहे.”

“आत्ता कुठं रंगात आलाय सामना.”

लेलंडनं कोटाची बटणं लावली. वरचं लागेना, बोटं गार पडली होती. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यानं विचारलं, “कोण पुढं आहे?”

पहारेकऱ्यानं रेडिओवरून नजर वर केली. हेही विचारायचं असतं का, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

“आपण,” तो म्हणाला.

लेलंडनं दार ढकललं.